बघायला आलेल्या मुलाला चालवून पाहिलं, त्याबद्दल

कॅम्प नं. ४, उल्हासनगर
१७ फेब्रुवारी २००४

आदरणीय ताई आणि दाजी यांस,
धाकट्या राजरत्नचा मनापासून जयभीम.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. ताई, तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला सुटला का? (तंबाखू सुटली का हे विचारत नाही, उगाच पत्राची सुरुवात वादाने नको.) म्हैस व्याली असेल तर खरवस आमच्या नशिबात नाही हे मी धरून चाललो आहे. तुला चष्मा सापडत नाही म्हणून हे पत्र दाजीच मोठ्याने वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा दाजींना हात जोडून विनंती की मधेच थांबून पत्र फेकू नये. शेवटपर्यंत वाचावं आणि मगच पिशवी भरायची की नाही ते ठरवावं.

रविवारी मी नाथाच्या दुकानात फोन करून जो निरोप दिला तो खरा होता, पण अर्धा होता. ‘मुलाचं बाहेर लफडं आहे’ एवढंच मी बोललो. नाथाने ते तुमच्यापर्यंत पोचवायच्या आधी दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकवलं, ते मला फोनमध्येच ऐकू आलं. (‘आयला, पोराचा लफरा हाय म्हनतोय!’ असं तो इतक्या आनंदाने ओरडला की जणू त्याच्याच घरी बारसं आहे.) काल दाजींचा खालच्या दुकानात फोन आला. येत्या रविवारी येतो, पोरीला घेऊन जातो, ती नोकरी पुरे आणि ती अंबरनाथही पुरे, असं म्हणून त्यांनी मी ‘जयभीम’ म्हणायच्या आत फोन ठेवला. अस्मिता कालपासून धड जेवलेली नाही. म्हणून हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे. फोन केला असता, पण फोन नाथाच्या दुकानात आहे.

आता मुळापासून सांगतो. गेल्या महिन्यात साहेबांनी मला आमच्या ट्रॅफिक पोलिसांच्या एका ट्रेनिंगला पाठवलं. दारू प्यालेला ड्रायव्हर ओळखायला ट्रेनिंग लागत नाही, नाक लागतं. पण गांजा ओढलेला, गर्द घेतलेला, झोपेच्या गोळ्या खाल्लेला, खोकल्याचं औषध चमच्याऐवजी बाटलीने प्यालेला माणूस मशीनमध्ये कितीही फुंकत राहिला तरी मशीन शून्य दाखवतं आणि तो आपल्याला सलाम ठोकून पुढच्या चौकात रिक्षावर गाडी घालतो. अशांना ओळखायचं कसं, ते शिकवायला डॉक्टर पद्मजा म्हणून एक मॅडम होत्या. बाई अंगाने एवढीशी, पण आवाज असा की मागच्या बाकावर डुलक्या काढणारे आमचे जमादारसुद्धा पोरासारखे ताठ बसायचे. मॅडमच्या तपासणीला बारा पायऱ्या. गाडी कशी चालवतो ते बघा, बोलतो कसा ते ऐका, नाडी मोजा. डोळ्यातली बाहुली बारीक आहे की मोठी हे बघायला एक कार्ड दिलं होतं, त्यावर काळे ठिपके लहानाचे मोठे होत गेलेले, ते डोळ्याशेजारी धरून जुळवायचे. मग पेन नाकासमोरून फिरवायचं आणि नजर मागे येते की धक्के खाते ते बघायचं. मग डोळे मिटून अर्धा मिनिट मनातल्या मनात मोजायला सांगायचं, एका पायावर उभं करायचं, आणि सरळ रेषेवर टाचेला पंजा लावून नऊ पावलं चालवून, वळवून, परत आणायचं. एका खुणेवरून कुणाला नशेबाज ठरवायचं नाही, असं मॅडम रोज बजावत. आणि सगळ्यात पहिली पायरी कुठली, तर माणसाला विचारायचं. आजारी आहात का, झोप झाली का, डोळ्यात औषध घातलंय का, कसली धास्ती आहे का. ही पायरी फार सोपी म्हणून मी वहीत उतरून घेतली नाही.

शिकलेली विद्या पडून राहिली तर गंजते, म्हणून मी घरीच सराव सुरू केला. तुझ्या भावजयीला डोळे मिटून अर्धा मिनिट मोजायला सांगितलं, तर तिने दहा-बारा सेकंदांतच डोळे उघडले आणि मला एवढा वेळ नाही, कुकर उतरवायचाय म्हणाली. मॅडमच्या हिशेबाने हे अंगात उत्तेजक पदार्थ असल्याचं लक्षण. (हे मी तिला बोलून दाखवलं. त्या दिवशी जेवायला कुकरमधलं काही मिळालं नाही.) खालच्या दुकानातले सिंधी शेठ तेवढाच अर्धा मिनिट मोजता मोजता गल्ल्यावरच झोपले. दूधवाला एका पायावर उभा राहिला तो छान उभा राहिला, पण त्याने दुसऱ्या दिवसापासून दूध पाणी न घालता दिलं, म्हणजे त्याला काहीतरी वेगळाच संशय आला असावा. अस्मिताने मात्र चालायला साफ नकार दिला. मामा, मी कुणाच्या सांगण्यावरून चालून दाखवणार नाही, तुमच्याही नाही, असं म्हणून ती ऑफिसला गेली.

ती असं म्हणाली आणि मला एकदम तू आठवलीस. शहाडच्या आपल्या त्या जुन्या खोलीत तुला बघायला आले होते तो दिवस. मी सात-आठ वर्षांचा, पाण्याच्या पिंपावर बसून केळं खात होतो. दाजींच्या आई, रखमाबाई, यांनी तुला दारापासून मोरीपर्यंत चालायला सांगितलं. मग परत. मग उलट तोंडाने परत. सुईत दोरा ओवायला लावला, पेपर वाचायला लावला, घड्याळात किती वाजले ते सांगायला लावलं. हातात हात घेऊन बोटं मोजल्यासारखी दाबून पाहिली, ती मला आज वाटतं नाडीच बघत असाव्यात. ताई, मॅडमच्या बारा पायऱ्यांपैकी निदान सात रखमाबाईंनी मॅडम डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधी वापरलेल्या आहेत. (दाजी, यात तुमच्या आईची निंदा नाही, उलट गौरव आहे.) आणि त्या वेळी दाजी काय करत होते? दाजी भिंतीला टेकून पोहे खात होते. त्यांना कुणी उठा म्हणालं नाही, चला म्हणालं नाही, तोंड उघडा म्हणालं नाही. तोंड उघडायला लावलं असतं तर तंबाखूची गोळी तिथेच सापडली असती आणि तुला ती लग्नानंतर सापडायची वेळ आली नसती.

ट्रेनिंग संपल्यावर पहिला खरा माणूस मला भेटला तो अंबरनाथला, बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. भर दुपार, रस्ता रिकामा, आणि एक मोटरसायकल बैलगाडीच्या चालीने येत होती. बाजूने सायकलवाला पुढे निघून गेला. मॅडमने सांगितलं होतं, गांजा ओढलेल्याला आपण फार जोरात चाललोय असं वाटतं म्हणून तो फार हळू चालवतो. मी शिट्टी मारली. चालवणारा पोरगा पंचविशीचा, मागे मुलगी, तोंडाला ओढणी अशी गुंडाळलेली की नुसते डोळे दिसावेत. (इथल्या सगळ्या मुली अशाच फिरतात, उन्हाने रंग जातो म्हणतात.) मी पोराला बाजूला घेऊन सगळी तपासणी केली. बाहुल्या कार्डावर बरोबर जुळल्या, नजर पेनाच्या मागे लोण्यासारखी फिरली, एका पायावर तो बगळा लाजेल असा उभा राहिला. चालताना एकच चूक. नवव्या पावलाला मॅडमने शिकवल्यासारखं छोट्या पावलांनी वळायच्या ऐवजी त्याने कवायतीतलं कडक ‘पीछे मुड’ केलं आणि टाच आपटली. विचारलं तर म्हणाला, लहानपणी समता सैनिक दलाच्या कवायतीला जायचो सर, पाय आपोआप वळतो. म्हणजे शुद्धीत होता. सोडून दिला.

पण सोडताना मला त्या मुलीची कणव आली. ती एक शब्द बोलली नव्हती. नाव विचारलं तर नुसती मान हलवली, म्हणून मला वाटलं बिचारी मुकी असावी. तिचे खांदे हलत होते, म्हणजे रडतही असावी. मी थोरल्या माणसासारखा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “ताई, मुलगा शुद्धीत आहे, त्याची काळजी नको. पण नुसतं शुद्धीत असून भागत नाही. घरी कुणी मोठं माणूस असेल ना, त्याला हा मुलगा आधी दाखव आणि मगच याच्या मागे बस.” तिने मान डोलावली. खांदे आणखी हलायला लागले. मला भरून आलं. समाजाचं काहीतरी भलं केल्यासारखं वाटत मी त्या दिवशी घरी आलो आणि अस्मितालाही जेवताना हा सगळा प्रसंग सांगितला. तिला ठसका लागला, मी पाणी दिलं.

यानंतर आठ-दहा दिवसांतच तुझं पत्र आलं की अस्मिताच्या ऑफिसमधल्या कुणा बाईने बदलापूरचं एक स्थळ सुचवलंय, मुलगा आकाश, अंबरनाथच्या कारखान्यात कायम नोकरीला, आपल्यातलाच, तर बघण्याचा कार्यक्रम तुझ्याकडेच कर आणि मुलाला काही व्यसन नाही ना एवढं नीट बघ. ताई, तू मला ‘नीट बघ’ म्हणालीस. ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला नीट बघ म्हटल्यावर तो काय करणार?

रविवारी आकाश आणि त्याची आई शीलाबाई आले. पोरगा आत आला आणि मला पाहून दारातच थबकला. बसला तो खुर्चीच्या काठावर. हातातला कप बशीवर वाजत होता. घाम एवढा की शर्टाची कॉलर ओली. ओठ सुकलेले. माझ्याकडे बघेना. गाडी कुठली आहे विचारलं तर ‘नाही सर’ म्हणाला, आणि पगार किती विचारलं तर ‘हो सर’ म्हणाला. नाडी धरली तर ती पळत सुटलेली. कार्ड काढून डोळ्याशी धरलं, बाहुल्या मोठ्या. वहीत या सगळ्या खुणा एकाच पानावर आहेत. मी तुझ्या भावजयीकडे बघितलं, तिने मला डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं, पण ती काही ट्रेनिंगला गेलेली नव्हती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आकाशराव, जरा चालून दाखवता का?

मला वाटलं, आता शीलाबाई उठून जाणार. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की काय सांगू. त्या म्हणाल्या, “चालवा चालवा! मला बघायला आलेले तेव्हा मला ओसरीवर तीनदा चालवलेलं, आणि याचे बाबा पंख्याखाली बसलेले. जा आकाश, चाल. मी बघते.” आपली खोली नऊ पावलांची नाही, सहाव्याला लोखंडी कपाट येतं, म्हणून दार उघडून बाहेर गॅलरीपर्यंत खडूने रेष मारली. शेजारपाजारची मंडळी आपापल्या दारात येऊन उभी राहिली. खालचे शेठही वर आले आणि “क्या चल रहा है साईं, नाच का प्रोग्राम है?” असं विचारायला लागले. आकाश चालला. टाचेला पंजा, पंजाला टाच, एक पाऊल चुकलं नाही. शीलाबाई मोठ्याने मोजत होत्या. नववं पाऊल पडलं, आणि त्याने कडक ‘पीछे मुड’ करून टाच आपटली.

ताई, माझ्या डोक्यात वीज चमकली. हा तोच! त्या दिवशी रस्त्यावर त्याची बाहुली कितव्या ठिपक्याला जुळली हे मला अजून पाठ होतं, पण बाहुलीभोवती तोंड कसलं आहे हे मी बघितलंच नव्हतं. (दाजी, हसू नका. तुम्हीही डोळ्यात एवढं बघितलं असतं तर तुमचंही असंच झालं असतं.) मी सगळ्यांसमोर गरजलो की हा मुलगा महिन्याभरापूर्वी एका मुक्या मुलीला मागे बसवून अंबरनाथच्या रस्त्यावर फिरत होता, आणि आज आमच्या पोरीला बघायला आलाय! आकाश काहीतरी बोलायला लागला, मी त्याला हात दाखवून थांबवलं. विचारायची पायरी वहीतच नव्हती. तसाच चप्पल न घालता खाली उतरलो, पीसीओवरून नाथाला फोन लावला आणि तो निरोप दिला. आरोपी ताब्यात असताना वरिष्ठांना ताबडतोब कळवायचं असतं, आणि घरातली वरिष्ठ तू.

वर आलो तर सगळे जागच्या जागी. शीलाबाई पोराकडे बघतायत, पोरगा खडूच्या रेषेकडे बघतोय. आणि स्वयंपाकघरातून अस्मिता पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली. आरशांची हिरवी ओढणी, जी मीच तिला चौदा एप्रिलला घेऊन दिली होती आणि जी त्या दिवशी रस्त्यावर माझ्यापासून हातभर अंतरावर होती. नुसते डोळे दिसत होते. तिने ट्रे माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “मामा, तुम्हीच बोललात ना, घरी मोठं माणूस असेल त्याला मुलगा दाखव. दाखवला.” आणि तिचे खांदे हलायला लागले. तेव्हा मला कळलं की त्या दिवशीही ती रडत नव्हती.

मी खुर्चीत बसलो ती आकाशचीच खुर्ची होती, आणि प्यालो तो आकाशचाच चहा. तुझी भावजय पदर तोंडात कोंबून आत पळाली. (तिला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं की नाही, याचं उत्तर ती देत नाही. ट्रेनिंगमध्ये बायकोसाठी पायरी नाही.) मग मी आकाशला विचारलं, जे पहिल्यांदा विचारायचं होतं ते, की बाबा रे, तुला कसली धास्ती होती? तो म्हणाला, सर, तुमची. आणि त्या दिवशी गाडी इतकी हळू का चालवत होतास? यावर तो लाजला, आणि अस्मिताने सांगितलं की ऑफिस जवळ आलं होतं आणि बोलणं संपलं नव्हतं.

तेव्हा दाजी, निरोप असा दुरुस्त करून घ्यावा: लफडं आहे, पण ते बाहेर नाही, आपल्याच घरात आहे. मुलगा मी एकदा भर उन्हात आणि एकदा सगळ्या चाळीसमोर तपासला. विडी नाही, सुपारी नाही, तंबाखू नाही (दाजी, ही ओळ सावकाश वाचावी). आईचं ऐकतो, आणि आईने चारचौघांत चाल म्हटलं तर चालतो. असा दोनदा तपासलेला जावई तुम्हाला तालुक्यात दुसरा मिळणार नाही. पोरगी दोन वर्षं त्याला ओळखते आणि तरी तिने पळून जायच्या ऐवजी ऑफिसातल्या बाईकरवी स्थळ सुचवून, तुमच्या हातून पत्र लिहवून घेऊन, तुमच्या मेहुण्याच्या घरी, तुमच्या पद्धतीनेच तो दाखवला. तिला रागावायचं असेल तर रागवा, पण तिची नोकरी सोडवू नका आणि तिला नेऊ नका. ती इथे आली तेव्हा रस्ता ओलांडायला माझा हात धरायची. आता तिला तिचा रस्ता कळतो, हे मी पोलीस म्हणून नाही, मामा म्हणून सांगतो. रविवारी याच. पण पोरीला न्यायला नको, मुलगा बघायला या.

बाकी भेटीअंती. आबासाहेबांना, शेजारच्यांना जयभीम सांगावा. नाथाला सांगू नये.

तुमचा,
राजरत्न

ता. क. येताना सुकट आणि तांदळाचे पापड आणावेत. शीलाबाईंना आवडतात असं कळलं.

ता. क. दुसरा. वर मी अस्मिता कालपासून धड जेवलेली नाही असं लिहिलंय, ते आता पुसता येत नाही. ती धड जेवली नाही हे खरं, कारण काल तिने शेवपुरी खाल्ली. आकाशने आणली होती. पण दाजींनी तो भाग पूर्वीसारखाच मनावर घ्यावा.

ता. क. तिसरा. शीलाबाईंची एक अट आहे, आणि ती मी आधीच कबूल करून बसलोय. सोयरिकीची बोलणी करायला पुरुषमाणसं येतील तेव्हा प्रत्येकाने खडूच्या रेषेवरून चालून यायचं, मगच पोहे. दाजींनी आठवडाभर अंगणात सराव करावा. वळताना टाच आपटायची गरज नाही.

ता. क. शेवटचा. हा अस्मिताने मला लिहायला लावलाय. ती म्हणते, मामा, मला बघायला आलेल्या मुलाला तुम्ही एवढं तपासलंत, पण आईला बघायला आले होते तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का, की मुलगा तुला पसंत आहे? मी पुष्कळ आठवून पाहिलं. मी त्या खोलीतच होतो, पिंपावर बसलेलो, सगळं ऐकत होतो. नाही विचारलं, ताई. कुणीच नाही. मीही नाही, मी केळं खात होतो. तेव्हा उशीर झालाय हे खरं, पण आज विचारतो: ताई, मुलगा तुला पसंत आहे का? (आकाशबद्दल विचारतोय. दाजींबद्दलचं उत्तर वेगळ्या कागदावर लिही, आणि ते त्यांच्याकडून वाचून घेऊ नकोस.)